मागची मोटर पोटात: जुन्या १/१० बग्गीच्या चासी-सस्पेंशनच्या नोंदी

२ नोव्हेंबर

गाडी रिमोटवर चालणारी, शर्यतीची; १/१० मापाची, टू-व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रिक. मोटर मागच्या अक्षाच्याही मागे लटकलेली. १९८४ साली आलेल्या टीम असोसिएटेडच्या आरसी१० बग्गीपासून ही मांडणी रुळली आणि भुसभुशीत मातीवर ती आजही खोटी ठरत नाही, कारण मागच्या चाकांवर वजन म्हणजे मागच्या चाकांना पकड. पण पाणी मारून आणि गाड्या फिरून ट्रॅक घट्ट झाला, रबराचा काळा पट्टा पडायला लागला, की तेच वजन गळ्यात पडतं. वळणातून निघताना थ्रॉटल दिला की नाक उचलतं, पुढची चाकं नुसती जमिनीला टेकून असतात आणि गाडी स्टीअरिंगला न जुमानता सरळ जाते. पुढचे टायर बदलले, स्प्रिंग बदलल्या, नाकात शिसं चिकटवलं. फरक पडला तो फक्त एकूण वजनात.

म्हणून मोटर अक्षाच्या पुढे आणायची, चासी नवी कापायची. बाजारात तयार मिड-मोटर (मोटर अक्षाच्या पुढे असलेल्या) गाड्या आहेत हे माहीत आहे. ही गाडी हातात बसलेली आहे, म्हणून तिच्यावरच काम.

आधी वजन घेतलं. सारख्या उंचीचे दोन डिजिटल काटे, एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, बॅटरी आणि बॉडी चढवून. एकूण १५३० ग्रॅम. पुढे ५४५, मागे ९८५. म्हणजे चौसष्ट टक्के मागे. अठ्ठावन्नच्या आसपास आणायचं आहे.

शर्यतीच्या नियमांच्या दोन मर्यादा लक्षात ठेवून काम करायचं: रुंदी २५० मिलिमीटरच्या आत आणि वजन १४७४ ग्रॅमच्या वर. हा विचित्र आकडा म्हणजे जुने ५२ औंस. आपापल्या क्लबात काय चालतं ते प्लेट कापायच्या आधी विचारून घ्यावं.

५ नोव्हेंबर

गिअरबॉक्स जागच्या जागी १८० अंशांत फिरवला की मोटर अक्षाच्या पुढे येते. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात पेटी फिरली की पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) उजवीकडून डावीकडे जातो, आणि मोटर नेहमीच्या दिशेने फिरवली तर चाकं उलटी फिरतात.

सेन्सरलेस ब्रशलेस मोटर असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करून काम भागतं. सेन्सरवाल्या मोटरला हे चालत नाही, वायरींचा क्रम सेन्सरशी बांधलेला असतो. तिथे ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) दिशा बदलण्याची सोय असावी लागते. माझ्या ईएससीत ती होती. बाकावर चाकं बरोबर फिरली, म्हणून पुढे गेलो. पण दोन-तीन मिनिटं थ्रॉटल दिल्यावर मोटर हात लावू देईना, आणि जोरही अर्धाच.

कारण एंडबेलवरचं (मोटरच्या मागच्या झाकणावरचं) टायमिंग. मोटर सुलट फिरताना जे अॅडव्हान्स असतं, तेच ती उलट फिरवली की रिटार्ड होतं. एंडबेल शून्याच्या खुणेवर आणल्यावर तापणं थांबलं, पण वरचा वेगही गेला. स्टॉक वर्गात, म्हणजे जिथे मोटरचा जोर नियमाने बांधलेला असतो तिथे, ते परवडणार नाही.

उपाय चार गिअरची पेटी. टॉप शाफ्ट (मोटरकडून जोर घेणारा वरचा दांडा) आणि डिफ (तो जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा भाग) यांच्यामध्ये एकाऐवजी दोन आयडलर (मधले गिअर), की चाकांची दिशा पुन्हा सुलट. जुन्या पेटीचे डिफ आणि टॉप शाफ्ट तिच्यात बसतात हे तपासूनच मागवली. या प्रकल्पात सगळ्यात जास्त पैसे इथे गेले. चासीच्या प्लेटला त्याच्या निम्मेही लागले नाहीत.

चार गिअरचा एक परिणाम आधीच समजून घ्यावा. तीन गिअरमध्ये मोटरचा रोटर चाकांच्या विरुद्ध फिरतो, चार गिअरमध्ये चाकांच्याच दिशेने. थ्रॉटल दिल्यावर रोटरची प्रतिक्रिया चासीवर उलट दिशेने येते, त्यामुळे चार गिअरची गाडी मागे बसू पाहते आणि तीन गिअरची कमी बसते. गालिचा किंवा कृत्रिम गवतावर लोक तीन गिअर घालतात ते यासाठी. मातीवर मला मागचं बसणं थोडं हवंच आहे.

९ नोव्हेंबर

पुठ्ठ्याचा साचा. प्लेट कापायच्या आधी सगळं पुठ्ठ्यावर मांडून पाहिलं: पेटी, मोटर, शॉर्टी (आखूड) बॅटरी, ईएससी, सर्वो (स्टीअरिंग फिरवणारी छोटी मोटर), रिसीव्हर. शॉर्टी साधारण ९६ × ४७ मिलिमीटर, मोटर सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची. दोन्ही एकामागे एक आल्या की उरलेल्या जागेत ईएससी आडवी बसते, उभी बसत नाही. जुनी लांब स्टिक बॅटरी बसण्याचा प्रश्नच नाही.

पुठ्ठ्यावरच कळलं की मागचा टॉवरही (शॉकची वरची टोकं धरणारी उभी पट्टी) अडचण करणार. तो पेटीला बोल्ट होतो, म्हणजे पेटीबरोबर फिरला, आणि शॉक आर्मच्या (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या बाजूला येऊन मोटरच्या वाटेत आले. टॉवर पुन्हा पेटीच्या मागच्या अंगाला घ्यावा लागला, त्यासाठी ३ मिलिमीटर कार्बनचा नवा कापला. मागचे आर्म डावे-उजवे बदलून लावले, म्हणजे शॉकची भोकं मागे आली.

१४ नोव्हेंबर

कापकाम. २.५ मिलिमीटर कार्बन फायबरची प्लेट. अॅल्युमिनियम घ्यावं का यावर खूप घोळलो. ७०७५ कापायला सोपं, पण मातीवर आदळून एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं, आणि डोळ्याला दिसत नाही इतकं वाकलेलं असलं तरी गाडी एका बाजूला ओढते. कार्बन वाकून परत येतो किंवा सरळ तुटतो. तुटलेलं निदान दिसतं.

कार्बनची धूळ फुफ्फुसाला आणि कातडीला वाईट. मास्क, हातमोजे, आणि पाण्याचा सतत शिडकावा. कोरडं कापूच नये. हॅक्सॉला बारीक दात लावले. मोठे दात थर सोलतात. भोकं पाडताना प्लेटखाली लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा, नाहीतर ड्रिल बाहेर पडते तिथे तंतू उभे राहतात. काउंटरसिंक ९० अंशांचा, एम३ च्या चपट्या डोक्याला तोच लागतो. लाकूडकामाचा ८२ अंशांचा बिट हाताशी होता. त्याने केलेल्या खळग्यात स्क्रूचं डोकं फक्त कडेवर टेकतं आणि पहिल्या दणक्यात सैल होतं. ती तीन-चार भोकं पुन्हा करावी लागली.

कडा काचकागदाने पाण्यात घासून गोल केल्या, वाळवल्या, पातळ सुपरग्लूचा हात फिरवला. हे नटवण्यासाठी नाही. कड उघडी राहिली की दगड लागून थर सुटायला तिथूनच सुरुवात होते.

बॅटरीच्या खाचेचे कोपरे आधी ५ मिलिमीटरचं भोक पाडून मग कापले. काटकोनी कोपरा ठेवला तर भेग तिथूनच निघणार.

शेवटी मल्टिमीटर. कार्बनमधून वीज वाहते. मोटरच्या वायरी जिथून जातात तिथे प्लेटची धार टेपने झाकली, सोल्डरच्या टोकांवर हीट श्रिंक चढवलं. लायपो बॅटरीचं टोक प्लेटला टेकलं तर काय होईल ते करून बघण्यासारखं नाही.

१७ नोव्हेंबर

पुढचा भाग. जुन्या चासीत नाकाचा चढ चासीतच होता, सपाट प्लेटमध्ये तो येत नाही. म्हणून पुढचा बल्कहेड वेगळा लावला, त्यात किकअप (नाकाचा चढ) २५ अंश, आणि ५ अंशांचे कास्टर ब्लॉक (पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष मागे कलवणारे तुकडे). मिळून ३० अंश, जुन्या गाडीइतकेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून पुढची भूमिती मुद्दाम तशीच ठेवली.

२१ नोव्हेंबर

ही नोंद लांबणार, कारण इथेच घोडं पेंड खात होतं.

सगळं जोडलं, शॉक न लावता. चाकं काढली. आता प्रत्येक आर्म हाताने आडवा उचलून सोडायचा. तो आपल्या वजनाने, न अडखळता, पार खाली पडला पाहिजे. पुढचे दोन्ही पडले. मागचा उजवा पडला. मागचा डावा अर्ध्यावर थांबला, बोटाने ढकलला तर गेला, वर आणला तर तिथेच राहिला.

शॉक लावून गाडी हातात घेतली तर हे कळतच नाही. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते, सगळं ठीक वाटतं. पण स्प्रिंगचा जोर आधी अडकलेल्या आर्मवर खर्च होतो, उरेल तो चाकाला. ट्रॅकवर ही गाडी डाव्या वळणात एक वागते आणि उजव्या वळणात दुसरी, आणि लोक महिनोन्महिने तेल बदलत बसतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शोधायचा क्रम असा ठेवला. आधी कॅम्बर लिंक (चाकाचा आत-बाहेर कल धरणारा वरचा दांडा) काढली. आर्म तरीही अडतो, म्हणजे बॉलकपचा (लिंकच्या टोकाच्या वाटीचा) दोष नाही. मग ड्राइव्हशाफ्ट काढला. तरीही अडतो. मग हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती सळई) काढून काचेवर लोळवली. सरळ लोळली, म्हणजे वाकलेली नाही. ती नुसत्या आर्ममध्ये घातली, आर्म तिच्यावर मोकळा फिरला. उरले पुढचे-मागचे पिन ब्लॉक. दोन्ही ब्लॉक प्लेटला घट्ट केले आणि पिन आर्मशिवाय आरपार घालून पाहिली. मागच्या ब्लॉकमध्ये ती सरळ जाईना, टोक भोकाच्या बाहेरच्या कडेवर टेकलं. व्हर्नियरने मोजलं तर प्लेटमधलं त्या ब्लॉकचं एक भोक ०.४ मिलिमीटर बाहेर पडलेलं. कारणही मिळालं: सेंटर पंच न मारता ड्रिल लावल्यावर बिट कार्बनच्या विणीवरून घसरतो.

दुरुस्ती: ते भोक सुईकानशीने आतल्या बाजूला लंबगोल केलं. मग पिन दोन्ही ब्लॉकमध्ये घालूनच स्क्रू आवळले, एकदम एक न आवळता आळीपाळीने थोडे थोडे. पिनच ब्लॉकांना एका रेषेत आणते. आता चारही आर्म पडतात.

आर्मचं भोक ड्रिलने मोठं करून आर्म मोकळा करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ड्रिलने भोक कधी गोल राहत नाही, आणि मग आर्म वर-खाली मोकळा होतो तसा पुढे-मागेही डुलतो. आर्म पिनवर खरोखर आवळत असेल तर ३ मिलिमीटरचा रीमर हाताने फिरवावा, दोन-तीन फेरे, बस. बॉलकप घट्ट असतील तर ते बॉलवर चढवून पकडीने बाहेरून हलकेच दाबत फिरवावेत, कुठल्या दिशेने घट्ट आहेत ते हाताला लागतं.

२३ नोव्हेंबर

शॉक. सगळे उघडून धुतले, ओ-रिंग नव्या घातल्या.

तेलाबद्दल एक गोष्ट. बाटलीवरचं डब्ल्यूटी प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं, तेव्हा सीएसटी (सेंटिस्टोक, दाटपणाचं ठरलेलं माप) बघावं. टीम असोसिएटेडचं ३० डब्ल्यूटी म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३५ यात कुठे बसतं ते तिच्या तक्त्यात पाहिल्याशिवाय मिसळू नये. जुन्या गाडीत पुढे ४२५, मागे ३५० होतं, पिस्टन दोन भोकांचे, पुढे १.६ आणि मागे १.७ मिलिमीटर. सुरुवात त्याच आकड्यांवर.

भरताना पिस्टन तळाशी, तेल काठोकाठ, आणि मग पिस्टन हळूहळू वर-खाली. घाई केली तर पिस्टनखाली अडकलेली हवा बारीक बारीक बुडबुड्यांत फुटते आणि तेल दुधासारखं होतं, मग ते निवळायला तासभर लागतो. सगळे शॉक उभे करून ठेवले आणि दुसरं काम घेतलं. बुडबुडे वर आल्यावर टोपण लावताना शाफ्ट किती आत ठेवला यावर शॉकची परत येण्याची ताकद ठरते. पुढच्या जोडीत दोन्हींची सारखी हवी, मागच्या जोडीत दोन्हींची सारखी. दोन शॉकची टोकं एकमेकांना लावून दोन्ही तळहातांत एकदम दाबायचे. एक आधी आत जात असेल तर जोडी जमलेली नाही.

लांबीही मोजली, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, पूर्ण उघडलेल्या अवस्थेत. मागच्या डाव्याचा रॉडएंड एक फेरा कमी आवळला होता. तेवढ्याने डावीकडचा ड्रूप (चाक खाली किती लटकतं ते) वेगळा पडतो.

२९ नोव्हेंबर

पहिला दिवस ट्रॅकवर. आधी वजन: एकूण १५६२, पुढे ६५७, मागे ९०५. मागे अठ्ठावन्न टक्के. हवं होतं तेच.

वळणातून निघताना नाक जमिनीवर राहिलं, गाडी वळली. आनंद इथपर्यंतच. पहिल्याच उडीनंतर नाक आधी आदळलं, प्लेटचा पुढचा भाग मातीत घासला. आणि वळणात शिरताना थ्रॉटल सोडला की शेपूट सुटायची.

दोन्हींचं मूळ त्या आकड्यांत आहे. पुढच्या चाकांवर पूर्वीपेक्षा वीस टक्के जास्त भार आणि खाली स्प्रिंग मात्र जुन्याच. उभ्या गाडीचीच पुढची उंची कमी झाली होती. कॉलर (शॉकवरची, स्प्रिंग दाबणारी कडी) फिरवून ती २२ मिलिमीटरवर आणली होती म्हणून लक्षात आलं नाही. कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते.

प्रथम तेल दाट करून पाहिलं. पुढे ५००. उडीवरून आदळणं कमी झालं, पण लागोपाठच्या उंचवट्यांवर पुढची चाकं खाली परतायलाच उशीर करू लागली आणि गाडी उडत उडत बाहेर. तेल परत ४२५, स्प्रिंग एक पायरी कडक. आता उंची कॉलर न आवळताच २२ आली. आदळणं जवळजवळ गेलं. त्यानंतर तेल ५०० केलं तेव्हा ते सोसलं, कारण कडक स्प्रिंगला आवरायला थोडं दाट तेल लागतंच. क्रम उलटा केल्याने दुपार गेली.

मागे नेमकी उलट गोष्ट. ऐंशी ग्रॅम कमी झाले, तेव्हा जुनं ३५० तिथे आता जास्त दाट. ते २७.५ डब्ल्यूटी, म्हणजे ३१३ सीएसटी केलं, स्प्रिंग एक पायरी मऊ. शेपूट सुटणं कमी झालं, गेलं नाही.

६ डिसेंबर

मागची पकड. तीन उपाय करून पाहिले.

बॅटरी मागे सरकवली. खाचेत फोमचे ठोकळे पुढे-मागे करून १० मिलिमीटरचा फरक मिळतो. शॉर्टी दोनशे ग्रॅमच्या वर असते, तेव्हा इतक्यानेही फरक कळतो. थ्रॉटल सोडल्यावरची शेपूट बरीच आवरली.

पितळेची पट्टी मागच्या पिन ब्लॉकखाली, ३० ग्रॅम. मागची पकड आली, पण ते वजन अक्षाच्या मागे असल्याने एकदा शेपूट सुटली की लंबकासारखी जात राहते. काढून टाकली. इतका घाट मोटर पुढे आणण्यासाठी घालायचा आणि वजन पुन्हा मागे टांगायचं, यात अर्थ नाही.

अँटीस्क्वॉट. मागच्या आर्मच्या पिनचं पुढचं टोक मागच्यापेक्षा वर असलं की थ्रॉटलवर गाडी कमी बसते. २ अंश होता. पुढच्या ब्लॉकखालची शिम (पातळ चकती) काढून १ केला. गुळगुळीत भागात निघतानाचा जोर किंचित कमी झाला, पण खडबडीत भागात मागची चाकं आता नाचत नाहीत, जमीन धरून राहतात. आमचा ट्रॅक संध्याकाळपर्यंत उखडलेला असतो, म्हणून १ च ठेवला. सकाळी नुकत्याच पाणी मारलेल्या ट्रॅकवर २ बरा पडेल असं वाटतं.

७ डिसेंबर

सकाळी तिसऱ्या उडीवरून उतरताना कट् असा आवाज आणि मागचं एक चाक मोकळं फिरायला लागलं. डिफच्या आउटड्राइव्हचा (ड्राइव्हशाफ्टचं टोक ज्यात बसतं त्या वाटीचा) कान तुटला होता.

घरी येऊन शॉक काढून पाहिलं. आर्म पार वर दाबला की ड्राइव्हशाफ्टचं टोक आउटड्राइव्हच्या तळाला भिडत होतं. काल ब्लॉक खाली आला, पिनचा कोन बदलला, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) थोडा आत सरकला, तेवढा अर्धा-पाऊण मिलिमीटर पुरला. दर वेळी गाडी पूर्ण दबली की शाफ्ट डिफला आतून ठोसा मारत होता.

हबमागे शिम घालून हब बाहेर काढला. एकूण रुंदी पुन्हा मोजली, २४८, चालेल. आता सवय अशी: मागच्या भूमितीत काहीही बदललं की शॉक काढून आर्म पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेत चाक हाताने फिरवायचं. वर शाफ्टच्या टोकाला थोडी मोकळी जागा उरली पाहिजे, खाली तो आउटड्राइव्हमधून निसटता कामा नये.

तुटलेल्या कानाचा तुकडा पेटीत सापडला, पण त्याने आयडलरचा एक दात आधीच खाल्ला होता. आउटड्राइव्ह, आयडलर आणि शर्यतीचा एक दिवस.

१३ डिसेंबर

भाग आले. डिफ पुन्हा बांधला, स्पर (पिनियनला जुळणारा मोठा गिअर) आणि पिनियनमध्ये कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दातांमधलं अंतर, बसवला.

आज पुढच्या चाकांचं बम्प स्टीअर तपासलं. दोन्ही चाकांना बाहेरून एकेक सरळ लांब सळी रबरबँडने बांधली, गाडी ठोकळ्यावर, शॉक काढलेले, आर्म वर-खाली. सळ्यांच्या टोकांतलं अंतर बदलतं ते कागदावर खुणा करून मोजायचं. आर्म वर जाताना टोकं बरीच जवळ येत होती, म्हणजे प्रत्येक खड्ड्यावर गाडी स्वतःच स्टीअरिंग देत होती. भूमिती जुनीच ठेवली असं वर लिहिलं आहे, पण स्टीअरिंगचा बेलक्रँक (सर्वोचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा) आता सपाट प्लेटवर उभा आहे आणि त्याची उंची जुन्यापेक्षा वेगळी पडली. बाहेरच्या बॉलस्टडखाली एक वॉशर घातल्यावर फरक नगण्य झाला. दुसऱ्या गाडीत तो काढावाही लागेल, मोजल्याशिवाय घालू नये.

मागच्या कॅम्बर लिंकचा आतला बॉलस्टड एका वॉशरने वर केला. त्याने रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) खाली येतो, गाडी वळणात जास्त झुकते आणि मागच्या चाकांना पकड सापडायला वेळ मिळतो. बॅटरी मागे घेऊनही जी थोडी शेपूट उरली होती, ती याने आवरली. कॅम्बर मागे उणे १, पुढेही उणे १.

२० डिसेंबर

गाडी एका बाजूला ओढते. ब्रेकवर डावीकडे.

चारही कोपऱ्यांची उंची सारखी असूनही हे होतं. चासीच्या मधोमध पुढे सुरीची बोथट धार आडवी न लावता लांबीच्या रेषेत लावून नाक उचललं: दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली गेली पाहिजेत. उजवं आधी उचललं. म्हणजे त्यावर भार कमी. मागेही तसंच केलं, तिथे डावं आधी उचललं. कोपऱ्या-कोपऱ्यातला हा तिरपा ताण. स्प्रिंगच्या कॉलर जुळवून तो लपवता येतो, पण आधी प्लेट पाहिली. काचेवर ठेवली तर बसते, डुगडुगत नाही. मग वरचा डेक (चासीच्या वरची दुसरी प्लेट). त्याचे स्क्रू सैल केले आणि चासी किंचित हलली. गाडी जोडताना डेक प्लेटवर ताण घेऊन बसवला गेला होता. चाकांवर उभ्या गाडीचे डेकचे सगळे स्क्रू सैल करून, हलकेच दाबून, पुन्हा आवळले. ओढणं गेलं.

आणखी एक गंमत. डेकचा मधला स्क्रू काढूनच टाकला तर उखडलेल्या ट्रॅकवर गाडी जास्त शांत चालते. प्लेट थोडी पिळवटते आणि चाकं जमिनीवर राहतात. तो स्क्रू आता फक्त घट्ट, ओल्या ट्रॅकवर लावतो.

२७ डिसेंबर

बॅटरीच्या खाचेच्या मागच्या कोपऱ्यातून केसाएवढी भेग. भोक पाडून गोल केलेला कोपरा तो, तरी आली. कारण भोक आणि सरळ कड जिथे मिळतात तिथे करवतीचा एक चरा राहिला होता, कानशीने घासला नव्हता. भेगेच्या टोकाला १.५ मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवली, आत पातळ सुपरग्लू सोडला. पुढची प्लेट कापताना खाच ३ मिलिमीटर अरुंद करणार आणि दोन्ही बाजूंना पट्टी जास्त ठेवणार.

३ जानेवारी

आजची स्थिती, कुणाला सुरुवातीला उपयोगी पडावी म्हणून. उंची पुढे २२, मागे २३, गाडी टाचेएवढ्या उंचीवरून सोडून स्थिरावल्यावर मोजलेली. पुढे ५०० सीएसटी, एक पायरी कडक स्प्रिंग. मागे ३१३, एक पायरी मऊ. पिस्टन जुनेच. मागे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ३ अंश, त्याला हात लावलेला नाही. अँटीस्क्वॉट १. बॅटरी पूर्ण मागे. वजन १५६८ ग्रॅम, मर्यादेपेक्षा बरंच वर. नवी प्लेट हलकी करण्याचा मोह होतो, पण भेग पाहता वजन स्क्रूंमधून कमी करावं. वरच्या डेकचे स्टीलचे स्क्रू अॅल्युमिनियमचे करता येतील, पिन ब्लॉकचे मात्र स्टीलचेच राहू द्यावेत.

भुसभुशीत ट्रॅकवर ही गाडी जुन्या मांडणीपेक्षा मंद आहे. लॅपच्या वेळा घेऊन पाहिल्या, शंका नाही. म्हणून जुनी चासी आणि तीन गिअरची पेटी तशीच जोडून कपाटात ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात बॉल डिफ काढून गिअर डिफ घालतो. तेल किती दाट ते ठरवायचं आहे, ५००० पासून सुरुवात करेन.